मी मागून बसते

पारनेरचे भीमराज गुरुजी पत्रांच्या बाबतीत फार काटेकोर. आलेल्या पत्राला आठवडाभरात उत्तर गेलंच पाहिजे, असा त्यांचा नेम. एकच पत्र त्याला अपवाद ठरलं. ते त्यांच्या लेकीचं होतं. यशोधरा घोडेगावला शिक्षिका होती. तिचं आंतरदेशीय पत्र दोन वर्षं गुरुजींच्या जाडजूड शब्दकोशात पडून होतं.

"बाबा," तिनं लिहिलं होतं, "भीमजयंतीच्या दिवशी तुम्ही समतेवर छान बोललात. मग घरी येऊन तुम्ही, दादा आणि पाहुणे जेवायला बसलात. तुम्हाला तव्यावरची गरम भाकरी लागते म्हणून आई गॅसपाशीच उभी. ती बसली तेव्हा कालवण संपलेलं होतं. तिनं चटणीशी भाकरी खाल्ली. माझ्या घरी आम्ही सगळे एकदम जेवतो, सासूबाईसुद्धा. आई तुमच्याबरोबर कधी बसणार? उत्तर द्या."

गुरुजींना राग आला नव्हता. पत्रातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, हीच अडचण होती. त्यांनी तीनदा उत्तर लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. त्यानंतर यशोधरा आईच्या नावानं पत्रं लिहू लागली. कलाबाईंना वाचता येत नसल्यानं ती गुरुजीच वाचून दाखवत. शेवटी त्यांच्या वाट्याला एक ओळ येई : बाबांना जयभीम.

सत्त्याण्णव साली मुलाला, योगेशला, पुण्याच्या कंपनीनं बक्षीस दिलं. चार माणसांना पाच दिवस मॉरिशसला, समुद्रकाठच्या हॉटेलात. हॉटेलच्या रंगीत पत्रकावर 'ऑल इन्क्लुझिव्ह' असं छापलं होतं.

"म्हंजी काय वो?" कलाबाईंनी विचारलं.

गुरुजींनी शब्दकोश उघडला. शब्दाआधी लेकीचं पत्रच हाती आलं. ते त्यांनी घाईनं मागच्या पानांत सरकवलं आणि म्हणाले, "सर्वसमावेशक. म्हणजे राहणं, खाणं, सगळं आलं. सगळ्यांना धरून."

"मग मी डबा न्हेऊ का नको?"

"नको."

तरी कलाबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत भरलीच.

हॉटेलात पोचल्या पोचल्या प्रत्येकाच्या मनगटावर हिरवा पट्टा बांधला गेला. तो दाखवला की हवं ते खावं, प्यावं. खोलीसमोरच समुद्र होता. जेवणाच्या दालनात तीसेक पदार्थ मांडलेले, पण ठरलेल्या वेळेपुरतेच.

गुरुजी लवकर उठणारे. ते आणि योगेश सकाळीच खायला निघत. "तुमी व्हा पुढं, मी मागून बसते," असं कलाबाई म्हणत. हे वाक्य गुरुजींनी पस्तीस वर्षं ऐकलेलं, त्यामुळे ते त्यांच्या कानावरून नुसतं निघून जाई. सून वृषाली उशिरा उठे. ती हाक मारायला आली, की कलाबाई म्हणत, "माझं झालं गं." दुपारी आणि संध्याकाळीही थोड्याफार फरकानं हेच.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी वाळूत चालता चालता कलाबाई मटकन खाली बसल्या. डोळे फिरले, ओठ पांढरे पडले. योगेश धावत गेला आणि हॉटेलची नर्स घेऊन आला. तिनं नाडी पाहिली, साखरेचं पाणी पाजलं आणि इंग्रजीत काही विचारलं.

"आई, ती विचारतेय, तू शेवटचं काय खाल्लंस?"

"दशमी," कलाबाई म्हणाल्या.

"कधी?"

"काल दुपारी. ती शेवटचीच हुती."

तिघंही एकमेकांकडे पाहू लागले. "मला वाटलं, तुम्ही बाबांबरोबर जेवता," वृषाली म्हणाली. "मला वाटलं, ती तुझ्याबरोबर येते," गुरुजी म्हणाले.

"आवं, पयल्या दिशी गेल्ते की," कलाबाई ओशाळून हसल्या. "तुमा समद्यांचं झाल्यावर. तवर त्यांनी टेबलं पुसून घेतल्याली. मला काय म्हाईत, हितं मागून बसणाऱ्याला काय ऱ्हात न्हाई." मग त्या म्हणाल्या, "तसं घरी तरी कुठं ऱ्हातंय म्हना."

त्या हे थट्टेनंच बोलल्या होत्या. पण ते ऐकून गुरुजींना वाळूत उभं राहवेना. सगळ्यांना धरून! अर्थ त्यांनीच सांगितला होता आणि हिरवा पट्टा बांधलेला हात त्यांच्यासमोर उपाशी होता.

"आई, मला का नाही सांगितलंत?" वृषालीनं विचारलं.

"त्यात काय सांगायचं? बाईमानसाचं मागंफुडं व्हतंच."

"ते का व्हावं?" वृषाली शांतपणे म्हणाली आणि गुरुजींकडे वळली. "बाबा, राग मानू नका. पारनेरला आले की मीही मागून बसते. कुणी सांगितलं म्हणून नाही, आई एकट्या पडतील म्हणून. तुम्ही कधी अडवलं नाहीत. पण अडवलं नाही म्हणजे बोलावलं, असं होत नाही."

गुरुजींनी बायकोचा हात धरून तिला उठवलं आणि सावकाश दालनात नेलं. खुर्ची ओढून बसवलं. स्वतः ताटली घेऊन भात, डाळ आणि अननसाच्या फोडी वाढून आणल्या आणि बाजूला उभे राहिले.

"बसा की," कलाबाई कुजबुजल्या. "असं वाढप्यावानी उभं ऱ्हायल्यावर घास उतरंल का?"

मग ते बसले. वृषाली बसली, योगेश बसला. कलाबाईंनी दोनदा भात मागून घेतला. त्यांच्या ओठांवर रंग आला तसा गुरुजींच्या छातीवरचा दगड उतरला.

त्याच दिवशी हॉटेलातून लेकीला लिहावं, असं त्यांना फार वाटलं. पण त्यांचा स्वतःवर विश्वास नव्हता. इथं तवाही नव्हता आणि गरम भाकरीही नव्हती. खरी परीक्षा पारनेरला होती.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी ते म्हणाले, "सगळ्या भाकरी होऊ दे. मग दोघं बसू."

"गार भाकरी चावंल का तुमच्या दातांनी?"

"कालवणात कुस्करीन."

चौथ्या दिवशी त्या सवयीनं म्हणाल्या, "तुमी व्हा पुढं." गुरुजींचा हात ताटाकडे गेलासुद्धा. मग तो मागे आला. त्यांनी दुसरं ताट घेतलं आणि शेजारी मांडलं.

वाचकहो, समता सभेत बोलायला सोपी असते. ती आपल्या घरात आली की नाही, हे घरातली बाई केव्हा जेवते यावरून कळतं. तिला अडवलं नाही म्हणून आपण सुटत नाही. तिच्यासाठी थांबावं लागतं, थोडी गार भाकरी खावी लागते.

महिना सरला तेव्हा गुरुजींनी शब्दकोशातून ते जुनं पत्र काढलं आणि उत्तर लिहिलं. या वेळी फाडलं नाही.

"चि. यशोधरा, जयभीम. उत्तराला दोन वर्षं लागली. आई आता माझ्याबरोबर बसते. भाकरी गार असते, पण बरी लागते. कालवण दोघांना पुरतं. रविवारी ये, सगळे एकदम बसू. तुझे बाबा."

कलाबाईंनी ते गुरुजींकडून वाचून घेतलं. "खरं लिवलंय," त्या म्हणाल्या. "आता टाका."

गुरुजी पोस्टापर्यंत चालत गेले आणि त्यांनी पत्र लाल पेटीत टाकलं.