दुसरीकडून आलेली वीज

मित्रांनो, भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेल्या डब्याकडे कोण बघतो? मी एक हवा-नियंत्रक आहे, आता जुना झालो आहे. जन्मलो कारखान्यात, पण समज आली ती कोंबडीची अंडी उबवण्याच्या एका खोलीत. हे सारे मला नीट सांगता येईल का, याची शंकाच वाटते, तरी सांगतो.

माझ्या पोटात एका बाजूने जाड वायरी येतात, त्यांतून वीज. दुसऱ्या बाजूने बारीक वायरी. एक सेन्सरची, तो खोलीतली हवा कोंदली की कळवतो. दुसरी थर्मोस्टॅटची, तो उष्णता वाढल्याचे सांगतो. दोघांचे ऐकून मी हवेची झडप उघडतो. जाड आणि बारीक वायरी एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत, हे मला बसवणाऱ्या वायरमनने फार निगुतीने सांभाळले होते. खोली त्याच्या थोरल्या बहिणीची. "ताई, हा तुझ्या पिल्लांचा श्वास आहे बघ," तो म्हणाला होता. पुढे कित्येक वर्षे ताई मला रोज फडक्याने पुसत असे.

मग त्यांची आई वारली. भाऊ वेळेवर पोहोचला नाही, ताई नको ते बोलली, आणि दोघांत अबोला पडला. माझे पुसणे थांबले. ताईने दुसऱ्याच माणसाकडून इन्व्हर्टर बसवून घेतला. बाहेरची वीज गेली, तरी मला तिकडून पुरवठा चालू राहावा म्हणून.

एके दुपारी उंदराने सेन्सरची वायर कुरतडली. झडप मिटली ती मिटलीच. पिल्ले चोची उघडून धापा टाकू लागली. ताईच्या नवऱ्याने न विचारताच मेहुण्याला बोलावले.

"भाऊजी, शिडी कुठंय विचारा तिला."

"सांगा त्याला, डोळ्यांसमोरच आहे."

"डोळे आहेत म्हणावं मला. माणसं ओळखता आली नाहीत, एवढंच."

"अरे, मी काय पोस्टमन आहे का तुमचा?" भाऊजी वैतागले आणि नवी वायर आणायला निघून गेले.

खोलीत दोघेच उरले. भावाने मुख्य बोर्डाचा फ्यूज काढून खिशात टाकला. तिथेच टेस्टर लावून पाहिला; वीज नव्हती. खोलीतला दिवाही विझला होता. माझ्यात मात्र इन्व्हर्टरची वीज तशीच होती. माझ्या टोकांना टेस्टर लावला असता तर त्याला कळले असते. पण पिल्लांची तडफड त्याला बघवत नव्हती; तो तसाच शिडी चढला आणि त्याने माझे झाकण उघडले. ताईने तोंड उघडलेले मी पाहिले. मग तिने ते मिटून घेतले.

मित्रांनो, मला तोंड नाही. तिला होते.

त्याचा हात जाड वायरीच्या टोकाला लागला आणि तो शिडीवरून फेकला गेला.

"बाळ्या!" ताई किंचाळली. आई गेल्यापासून तिने त्याला मारलेली ती पहिली हाक.

तो वाचला. पण उजव्या हाताची बोटे स्क्रू धरण्याइतकी पुन्हा कधी वळली नाहीत. पिल्लेही पुष्कळ दगावली. माझ्या वायरी कोणा परक्याने जोडल्या. चांगल्या जोडल्या, पण त्याने माझ्याशी एक शब्दही काढला नाही.

आता भाऊ कधीमधी येऊन माझ्याखाली बसतो. डाव्या हाताची नखे त्याला कापता येत नाहीत. ती ताई कापते.

"इन्व्हर्टरचं जिभेवर आलं होतं रे माझ्या. म्हटलं, हे आले की सांगायला लावू."

"मी तरी कुठं टेस्टर लावला डब्याला? एवढी वर्षं दुसऱ्यांना शिकवत आलो."

"हात हलवू नकोस. लागेल."

मित्रांनो, उघड्या वायरीला तुम्ही हात लावू नका. जाणत्याने लावायचा, तर त्यानेही आधी त्याच टोकावर टेस्टर धरून बघावा, भले घरातले सगळे दिवे विझलेले असोत. आणि कोणाशी अबोला धरायचाच असेल तर धरा, मी कोण सांगणारा? पण विजेचे सांगून मग धरा.