डोळ्यांचा फेरा

शनिवारी संध्याकाळी सव्वापाच वाजता सारंगखेड्याच्या यात्रेत लोटनभाऊंनी खाद्य महोत्सवाच्या फाटकावरच कुपनांचं अख्खं पुस्तक विकत घेतलं. आत काय आहे, कसं आहे, केवढ्याला आहे, काही न बघता. त्यांची धाकटी बहीण जमनाबाई पदरावरची धूळ झटकत मागून पोचली, तोवर फोनमधून पैसे गेलेही होते.

“हाई घे,” पुस्तक तिच्या हातात देत ते म्हणाले. “आते मनले वाटी ते खा. हात आखडू नको.”

“भाऊ, आधी फेरा तं मारू देवाना व्हता.”

“फेरा कसाले? आते काय पैसा कमी शेत का?”

जमनाबाईने पुस्तक उलटं करून पाहिलं. मागे बारीक अक्षरात छापलं होतं, उरलेली कुपनं परत घेतली जाणार नाहीत. तिने ते भावाला दाखवलं नाही. पुस्तक मिटून त्याच्याच हातात परत दिलं आणि मंडपात शिरली. पण तिचा सगळा बेत फाटकावरच मोडला होता, आणि तो बेत काय होता हे तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

ही दोघं लहान असताना त्यांचे वडील, आबा, त्यांना बैलगाडीतून यात्रेला आणायचे. आबांचा यात्रेतला कायदा एकच. पहिला फेरा डोळ्यांचा, दुसरा हाताचा. पहिल्या फेऱ्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं, सगळं बघायचं, वास घ्यायचा, भाव विचारायचा, पण खिशात हात घालायचा नाही. घोड्यांच्या बाजारापासून दत्ताच्या देवळापर्यंत आणि तिथून पुन्हा नदीच्या बाजूने. चालता चालता दोघा भावंडांचं भांडण चालायचं. शेव की रेवडी, रेवडी की जिलेबी. पैसे एकाच वस्तूपुरते असायचे आणि ती दोघांनी मिळून खायची, म्हणून एकमत होईपर्यंत सुटका नसे. जमनाला आजही वाटतं की आपलं भावाशी जेवढं बोलणं झालं त्यातलं निम्मं त्या फेऱ्यांत झालं.

एकमत झालं की त्या दुकानासमोर उभं राहून म्हणायचं, “आम्हना वाटा राखी ठेव.” बयाणा नाही, चिठ्ठी नाही. दुकानदार मान हलवायचा आणि तेवढा जिन्नस बाजूला काढून पळसाच्या पानाखाली झाकून ठेवायचा. मग फेरा पुरा करून परत यायचं, पैसे द्यायचे, वाटा उचलायचा.

एका वर्षी लोटनने लोभापायी तीन दुकानांत सांगून ठेवलं. आबांनी मारलं नाही. त्याचा हात धरून रेवडीवाल्यापाशी नेलं आणि म्हणाले, “सांग त्याले, मी येत नही म्हनीसन.” रेवडीवाला हसला. शेववाला मात्र हसला नाही. त्याने पुडी बांधून ठेवली होती आणि तेवढ्यासाठी एका गिऱ्हाइकाला परत पाठवलं होतं. लोटन तिथे खाली मान घालून उभा राहिला, आणि त्या दिवसापासून ‘राखी ठेव’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून सहजी निघेनासे झाले. निघाले तर तो जायचाच.

एरवी लोटनभाऊंच्या शब्दाला तसा अर्थ नव्हता. लग्नाचं आवतण आलं, येसू, म्हणजे येईन. मंदिराची बैठक, येसू. रनाळ्याला बहिणीकडे चार दिवस राहायला, येसू ना, काबर नही येसू! आणि जायचे कुठेच नाहीत. गावात त्यांना येसूभाऊ म्हणणारेही होते. पण दुकानदाराला राखून ठेवायला सांगितलेली वस्तू त्यांनी सत्तर वर्षांत सोडली नव्हती. मग ती खुरपी असो, नाहीतर बैलाची झूल.

हे सगळं जमनाबाईला आज आठवत होतं, कारण सोमवारी लोटनभाऊ कायमचे सुरतेला जाणार होते. वहिनी जाऊन वर्ष झालं. मुलगा अमृत तिकडे उधन्याला कापडाच्या गिरणीत सुपरवायझर. सून शीला चांगली, दोन खोल्यांची जागा चांगली. शेत बटाईने दिलं, गाय विकली, घराची किल्ली शेजारी ठेवायची होती. “यात्राले येसू ना दर साल,” भावाने सांगितलं होतं. ते ‘येसू’ ऐकूनच जमनाबाईने ओळखलं, भाऊ येणार नाही. म्हणून तिने बेत केला होता. डोळ्यांचा फेरा मारायचा, रमत गमत, जुन्यासारखा. मग जिलेबीच्या दुकानाशी थांबायचं आणि भावाच्या तोंडून पुढच्या वर्षासाठी ते दोन शब्द काढायचे. सरळ मागायचं तर तिला जमणारं नव्हतं. सरळ मागितलं की येसूच मिळालं असतं.

आणि भावाने फाटकावरच कुपनं घेतली.

मंडप झकास होता. खाली हिरवी जाजमं, वर दिव्यांच्या माळा, प्रत्येक टेबलावर पांढरं कापड. कळण्याची भाकर आणि वांग्याचं भरीत, शेवभाजी, डुबुकवडे, खापरावरचे मांडे. घरी चुलीपुढे बसून खायचं ते सगळं इथे इवल्याशा वाट्यांत, वर कोथिंबिरीचं एकेक पान लावून. लोटनभाऊ पहिल्याच टेबलाशी थांबले आणि दोन कुपनं फाडली.

“भाऊ, एक प्लेट घे. दोन्ही खाऊत.”

“एकमा काय व्हस? दोन घे, तीन घे!”

दुसऱ्या टेबलावर पुन्हा तेच. तिसऱ्यावर शेवभाजी एवढी तिखट की लोटनभाऊंच्या डोळ्यांतून पाणी आलं. जमनाबाईने शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे भाकरीपुढे गावची माणसं रांग लावून उभी होती आणि इथे शेवभाजीपुढे ही दोघंच.

“आधी फिरतू तं हाई दिसतं ना.”

“आते बोल नको, पानी दे,” लोटनभाऊ म्हणाले. पाण्याची बाटलीही कुपनावरच होती.

मंडपाच्या कोपऱ्यात मोलगीहून आलेली कालीबाई भगर आणि आमचूर घेऊन बसली होती. पहाडातली बाई, पण सपाटीची बोली बाजारात शिकलेली. तिच्याकडे कुपन चालत होतं, रोखही. जमनाबाईने आमचुराची फोड मोडून पाहिली. कट् आवाज आला, म्हणजे चांगली वाळलेली. वास घेतला, भाव विचारला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“इतलं महाग? आंबा तं मन्हा घरना बी शेत.”

“मंग घरनाच खा ना, माय,” कालीबाई शांतपणे म्हणाली.

लोटनभाऊ एवढ्या मोठ्याने हसले की मागच्या टेबलावरच्या लोकांनी वळून पाहिलं. जमनाबाईलाही हसू आवरेना.

“मोलगीले बाजारना दिन ये,” कालीबाई पुडी बांधत म्हणाली. “तठे मंडपनं भाडं नही. स्वस्त दीसू.”

जमनाबाईने लागेल तेवढंच घेतलं आणि रोख दिले. भावाने कुपन पुढे केलं होतं, ते मागे सारलं. पण त्या हसण्याने तिचा राग उतरला होता. कितीतरी दिवसांनी भाऊ असा हसला होता. वहिनी गेल्यापासून नाहीच.

मांड्यांच्या टेबलापाशी येईपर्यंत दोघांची पोटं तुडुंब झाली. परातीत पुरण, उलट्या खापरावर पसरलेला कापडासारखा मांडा, तुपाचा वास. बघूनच जीव टाकावा असं, आणि खायला जागा नाही. लोटनभाऊंनी हातात उरलेली कुपनं मोजली.

“आबा ऱ्हाता तं मारता मले,” ते म्हणाले.

“आबानी कधी मारं? उभं करं फक्त.”

फाटकावर त्यांनी विचारलं, ही कुपनं पुढच्या वर्षी चालतील का. बसलेल्या माणसाने मान न उचलता सांगितलं, “नाही काका. ही ह्याच वर्षाची.”

जिलेबीचं दुकान मंडपाबाहेर होतं, घोडेवाल्यांच्या राहुट्यांकडे जाणाऱ्या वाटेवर. आबांच्या वेळी तिथे रामसिंग हलवाई बसायचा. गुळाची जिलेबी, काळसर तांबडी, कढईतून काढली की बोटाला चटका आणि दाताला चिकटा. रामसिंग गेला, त्याचा मुलगाही दुसऱ्या धंद्याला लागला. आता मुलाची बायको ममता कढईपुढे बसत होती. एक कढई, एक परात, बाजूला पळसाच्या पानांचा गठ्ठा आणि दोरीला टांगलेली पैसे द्यायला फोनने स्कॅन करायची पाटी.

“मंडपमा काबर नही बठनी?” जमनाबाईने विचारलं.

“भाडं परवडस नही, काकू. आणि आठे घोडावाला येतस. त्या रोजना गिऱ्हाईक.”

लोटनभाऊंनी पावभर जिलेबी घेतली. पोटात जागा नव्हती तरी दोघांनी खाल्ली, एकाच पानावर, एकेक वेटोळं मोडून. शेवटचा तुकडा उरला तो दोघांनी एकमेकांकडे सरकवला. शेवटी भावाने तो जमनाबाईच्या हातावर ठेवला. गुळाचा तोच करपट वास, थोडा धूर, थोडी घोड्यांच्या लिदीची हवा.

मग जमनाबाईने न सांगता, न सुचवता, ते आपणहून म्हणाले, “बेटा, पुढला साल मन्हा वाटा राखी ठेव.”

जमनाबाईने पाठ फिरवून पदराने तोंड पुसलं. वळून बघते तर भावाचा फोन हातात, आणि तो पाटीवर धरलेला.

“आतेच पैसा दी टाकस,” ते ममताला सांगत होते. “पुढला सालना. मन्हा काय भरोसा?”

जमनाबाईने पाटीवर पंजा ठेवला. गुळाने चिकट झालेला पंजा.

“हात काढ.”

“नही.”

“जमना, लोके देखी ऱ्हायनात.”

“देखू दे. पैसा दी टाका म्हणजे तू सुटना. मंग येवानं काय काम तुले?”

ममता झारा हातात धरून दोघांकडे बघत राहिली. कढईतली जिलेबी काळी पडायला लागली, तेव्हा तिने घाईने ती बाहेर काढली. एक घोडेवाला मागून म्हणाला, “मावशी, पैसे देताय की भांडताय? आमचा नंबर येऊ द्या.”

“थांब ना भाऊ,” जमनाबाई त्याच्यावर खेकसली. मग भावाला म्हणाली, जरा खालच्या आवाजात, “आबाना टाइमले काय पैसा दीसन सांगूत का?”

लोटनभाऊंनी फोनचा उजेड मालवला. तो खिशात ठेवायला त्यांना वेळ लागला, कारण खिशात कुपनं होती. ती त्यांनी बाहेर काढली, पाहिली, पुन्हा आत कोंबली. बहिणीकडे बघितलं नाही. ममताकडे बघून म्हणाले, “राखी ठेव.”

“कितला, बाबा? दोन वाटा?”

“एकच. दोन्ही मिळीसन खाऊत.”

सोमवारी ते सुरतेला गेले.

उन्हाळ्यात शीलाचा फोन यायचा तेव्हा ती हसत सांगायची, बाबा रोज संध्याकाळी पिशवी घेऊन भाजीबाजारात जातात, सगळे भाव विचारून येतात आणि पिशवी रिकामीच आणतात. मी काही आणायला सांगितलं तर म्हणतात, हा डोळ्यांचा फेरा होता, आता पुन्हा जातो. आणि खरंच पुन्हा जातात. बाजारवाले त्यांना ओळखायला लागलेत. पावसाळ्यात मात्र तिचा आवाज बदलला. गुडघा सुजला होता. दुसरा फेरा बंद झाला. दिवाळीनंतर पहिलाही बंद झाला.

यात्रा तोंडावर आली, तशी जमनाबाईने स्वतः फोन केला. यायचं का, असं विचारलं नाही. आमचूर संपलं, मोलगीला जाणं झालं नाही, यंदा घोडे पुष्कळ आलेत म्हणतात, असलंच काहीबाही बोलत राहिली. भाऊ हूं हूं करत होता. ‘येसू’ म्हणाला नाही. एकदाही नाही. फोन ठेवल्यावर तिच्या नवऱ्याने विचारलं, काय म्हणे? ती म्हणाली, “काहीच नही म्हने.” आणि हे सांगताना तिचा चेहरा खुलला होता की पडला होता, ते त्याला कळलं नाही.

बुधवारी शीलाचा फोन आला. डॉक्टरांनी महिनाभर प्रवास करू नका म्हणून सांगितलंय. बाबांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी फक्त विचारलं, माझी कापडी पिशवी कुठे ठेवलीस?

आज शनिवार. जमनाबाई दुपारीच यात्रेत आली. मंडप यंदाही आहे, फाटकावर कुपनंही आहेत. तिने ती घेतली नाहीत. घोड्यांच्या बाजारापासून दत्ताच्या देवळापर्यंत आणि तिथून नदीच्या बाजूने तिने एकटीने पहिला फेरा पुरा केला. कुठेही खिशात हात घातला नाही. ममताचं दुकान त्याच जागी आहे. जिलेबीचा पहिला घाणा निघाला तेव्हाच ममताने पावभर बाजूला काढून पळसाच्या पानाखाली झाकून ठेवली.

“गार व्हई जाई, काकू. तुम्हीन खाई ल्या,” ती दोनदा म्हणाली.

“एकच वाटा शे तो,” जमनाबाई म्हणाली आणि बाजूच्या रिकाम्या डब्यावर बसली.

तिने तीनदा फोन लावून पाहिला. लोटनभाऊंचा फोन बंद आहे. शीला म्हणते, ती सकाळी कामावर निघाली तेव्हा बाबा घरी होते, त्यानंतरचं तिला ठाऊक नाही.