गाडीतली झोप

"काढूनच टाका म्हणते मी. मुळापासून." तनुजाने व्हॅनचं बोनेट वर उचललं आणि दांडीला टेकवलं. "दर दोन-तीन महिन्यांनी ते तुंबणार, पिवळा दिवा लागणार, आणि मी इथं येऊन बसणार. ती ईजीआरची भानगडच नको."

गॅरेजवाल्या बासितभाईंनी चहाचा ग्लास स्टुलावर ठेवला. जळलेला धूर थोडाथोडा परत इंजिनात फिरवणारा तो वॉल्व्ह आणि त्याचा पाइप हेच या व्हॅनचं जुनं दुखणं होतं. दिवाळीआधी त्यांनीच त्यातली काजळी खरवडून काढली होती. काढून टाकायला मात्र तेव्हाही नकार दिला होता.

"कंपनीनं उगंच नाय बसवलं ते, ताई. काढलं की गाडी चार दिवस हलकी पळती, व्हय. पर आतली आग वाढती, अन् जो धूर दिसत नाय तो लई वाढतो. शाळेची पोरं नेता तुम्ही."

"पोरं आत असतात. धूर जातो मागून बाहेर."

बासितभाई दिवा घेऊन इंजिनवर वाकले. तनुजा पदराशी चाळा करत उभी राहिली. एक गोष्ट तिने त्यांना सांगितली नव्हती. त्यांनी नाही म्हटल्यावर दिवाळीच्या सुट्टीतच तिने बजाजनगरच्या एका मिस्त्रीकडून त्या पाइपाच्या तोंडावर पत्रा बसवून घेतला होता. अर्ध्या तासाचं काम. नंतर गाडी खरंच पळायला लागली होती, पण परवा तो पिवळा दिवा पुन्हा लागला होता.

बासितभाईंचा हात मध्येच थांबला.

"हे कुणी केलं?"

तिने सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"इंजिन चालू करा."

तिने चावी फिरवली आणि खाली उतरून पुढे आली. बासितभाईंनी वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली आणि चिमट्यात धरून पत्रा बसवलेल्या सांध्याजवळ नेली. पट्टी फडफडायला लागली. बघता बघता तिची कड तपकिरी झाली.

"धूर अडवायचं गॅस्केट घातलंच नाय. नुसता पत्रा, तो बी डब्याचा. जळून भोक पडलंय त्याला. सायलेन्सरपर्यंत जायच्या आधीच सगळा विषारी धूर इथं बाहेर येतोय." त्यांनी बोट वर सरकवत पुढच्या काचेच्या बुडाशी असलेल्या काळ्या जाळीवर ठेवलं. "अन् एसीला हवा इथून जाती. आत."

जाळीवरून फिरवलेलं बोट काजळीने माखलं होतं. ते त्यांनी तिला दाखवलं आणि हलकेच विचारलं, "पोरांचं डोकं दुखतं का कधी?"

"नाही," तनुजा म्हणाली. "झोपतात. गाडीत बसली की पाच मिनिटांत झोपतात."

बोलता बोलता तिची नजर त्या काजळलेल्या बोटावर गेली.

मुलांच्या बाराच्या बारा घरांत तिने हे कौतुकाने सांगितलं होतं. माझ्या गाडीत पोरं भांडत नाहीत, शहाण्यासारखी झोपतात. मुलं हात बाहेर काढतात म्हणून मागच्या काचा तिनेच स्क्रू मारून कायमच्या बंद करून टाकल्या होत्या. तिच्या बाजूची काच तेवढी उघडी असायची. रुक्सार दोनदा ओकली, तेव्हा तिने तिच्या अम्मीला बजावलं होतं, सकाळी दूध देत जाऊ नका. आणि सायली. पहिलीतली सायली शाळेच्या फाटकाशी दोन्ही खांदे धरून हलवल्याशिवाय उठायची नाही. मान एका बाजूला पडलेली असायची. तनुजा हसायची आणि तिला कडेवर घेऊन बाईंच्या हाती द्यायची.

बासितभाईंनी इंजिन बंद केलं. तनुजा व्हॅनच्या पायरीवर बसली. 

"पाइप नवा टाकतो, वॉल्व्ह बी टाकतो," हात पुसत ते म्हणाले. "काचा उघडून देतो. दोन दिवस लागतील. पोरं धड आहेत, खुदाचा शुकर. झालं ते झालं, ताई. कुणाला कळायचं काय कारण नाय."

ते मायेनेच बोलत होते, हे तिला समजत होतं. तिने मान डोलावली, मोबाइल काढला आणि सायलीच्या आईला, अमृताला, फोन लावला.

"ताई, दोन दिवस गाडी येणार नाही. काम निघालंय."

"काही हरकत नाही," पलीकडून अमृता म्हणाली. "हे सोडतील तिला. तुम्ही निवांत करून घ्या काम."

एवढ्यावर फोन ठेवता आला असता. तनुजाने तो कानाशी आणखी घट्ट धरला.

"थांबा ताई. अजून सांगायचंय."

तिने सगळं सांगितलं. पत्रा, भोक, जाळी, बंद केलेल्या काचा.  काहीच गाळलं नाही. पलीकडे कुकरच्या दोन शिट्या झाल्या.

"कधीपासून?" अमृताने विचारलं.

"दिवाळीपासून."

"दिवाळीपासून," अमृता म्हणाली. मग तिचा आवाज फोनपासून दूर गेला. घरातल्या कुणाला तरी ती सांगत होती, "अहो, सायलीच्या त्या गोळ्या आणा बरं इकडं. त्या शाळेत झोप येऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या. डॉक्टरांचा नंबर पण काढा."

फोन कुणी बंद केला नव्हता. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ गोळ्यांच्या पाकिटाची चुरचुर. त्यानंतर सायलीचा आवाज, आता गोळी कशाला, मी तर जागीच आहे, असं काहीतरी विचारणारा.

तनुजा ऐकत राहिली. पलीकडचा फोन बंद झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि रुक्सारच्या घरचा नंबर शोधायला घेतला.