न्हाई म्हणायचं न्हाई

सकाळचं कोवळं ऊन खिडकीच्या गजांतून खाटेवर उतरायचं, तेव्हा डॉक्टरबाई बोळ्यातून कापसाचा एक तंतू ओढून बोटांत पिळत. रुग्णाला डोळे मिटायला सांगत आणि तो तंतू त्याच्या निश्चल पावलावर इतक्या अलगद टेकवत, की पाहणाऱ्याचाच श्वास अडकावा. मग मंद्र स्वरात विचारत, "कळतंय का?" त्या प्रश्नामागून येणारी शांतता मी मिरजेच्या इस्पितळात वर्षानुवर्षं ऐकली. मी त्यांच्या हाताखाली रुग्णांना व्यायाम शिकवत असे.

मेंदूला किंवा मणक्याला इजा झालेल्या माणसाचं घरी गेल्यावर पुढं काय होतं, हा डॉक्टरबाईंच्या संशोधनाचा विषय. किरकोळ बांधा, सुती साडी, जीभ मात्र तिखट. कुणी रुग्णाला उगाच धीर दिला की त्यांचं डोकंच फिरायचं.

नव्वदनंतरच्या एका चैत्रात म्हसवडकडचा दादू आला. विहीर खणताना दोर तुटला, तो तळाशी आदळला आणि कमरेखालचं शरीर मुकं झालं. उशाशी त्याची बायको हौसा. बाईंनी कापूस टेकवला, विचारलं.

"व्हय, कळतंय की!"

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. बाईंच्या मुद्रेवर मी इतका प्रकाश कधी पाहिला नव्हता. त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला. दादूला घरी पाठवताना, त्याची कूस बदलत राहा, असं त्यांनी बजावलं. पण संवेदना परत येतेय, हेही सांगितलं. हौसानं तेवढंच मनावर घेतलं.

पावसाळा सरता सरता आम्ही जीपनं त्याच्या घरी गेलो. दादू तापानं फणफणला होता. बाईंनी त्याला वळवलं, आणि अरे देवा, तो वास! माकडहाडापाशी जखम पार हाडाला भिडली होती.

"अगं, वळवत नव्हतीस का त्याला?"

"आवं बाई, त्यास्नी कळतंय म्हणालासा न्हवं? दुखलं तर सांगतील, असं वाटलं."

तेव्हा दादू पुटपुटला, "न्हाई कळत. कवाच न्हाई कळलं."

हौसा म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलली होती: पाय चालू होईस्तवर घरातल्या कुणी न्हाई म्हणायचं न्हाई. दादूनं तिचा नवस पाळला. आणि कापूस टेकवला की बाई विचारायच्याच. कधी व्हय म्हणायचं, हे त्याला मिटल्या डोळ्यांनीही समजत होतं. मला दोघांचा संताप आला, आणि रडूही.

त्याला मिरजेला आणलं, पण विष रक्तात भिनलं होतं. दिवाळीच्या आधी तो गेला. हौसा तेव्हा म्हसवडला, देवाच्या पायाशी होती.

बाई बदलल्या. कापूस न टेकवताच "कळतंय का?" विचारू लागल्या, आणि कुणी व्हय म्हटलं की पांढऱ्याफटक पडत. दुपारच्या निःशब्द उन्हात, दोन खाटांमधून चालताना मध्येच थबकत. "अगं, तो व्हय म्हणाला होता," म्हणत. मला त्यांची कीव यायची, आणि खरं सांगते, भीतीही वाटायची.

पौषातल्या थंडीत हौसा आली. उंबऱ्याशीच उभी राहिली.

"बाई, एकच सांगा. जाताना त्यास्नी कळत हुतं का वो? मला हाका मारल्या का? मी न्हवते तितं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "नाही गं. काही कळत नव्हतं त्याला."

हौसा मटकन खाली बसली आणि पहिल्यांदाच मोकळी रडली. जाताना बाईंच्या पाया पडली. ती पुन्हा आली नाही.

बाईंना जाऊनही आता बराच काळ लोटला. त्यांच्या संशोधनातलं पुष्कळसं माझ्या स्मरणातून विरून गेलं. दादू मात्र शेवटच्या घटकेपर्यंत शुद्धीत होता, दाराकडे बघत "हौसे, हौसे" करत होता, आणि हे ठाऊक असणारी या जगात आता मी एकटीच उरले आहे.