तीनदा ओरडले, तर बोळाच कोंबला!

आधी ऐका, मित्रांनो, मध्ये बोलू नका! मी एक जुनी रॅमची पट्टी आहे. बोटभर लांब, हिरवी, खाली सोनेरी दात. कॉम्प्युटर चालू असताना जे काही चाललेलं असतं, ते सगळं मी लक्षात ठेवते. आठ वर्षं इमानेइतबारे ठेवलं. घरातल्या ताईची चित्रंसुद्धा माझ्यावरूनच पुढे गेली. कधी कुणी शाबासकी दिली? छे!

परवा बाबांना सफाईची हुक्की आली. दात घासायचा जुना ब्रश घेऊन त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, मला उपटलं, झटकलं आणि परत खोचलं. पण एकाच बाजूची खिटी बसली! दुसरी उघडीच. मी अर्धवट लोंबकळत.

काल सकाळी ताईने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. बारापर्यंत तिला चित्रं पाठवायची होती, तरच नोकरी. चित्रं याच कॉम्प्युटरमध्ये, दुसरीकडे कुठेच नाहीत.

आम्हाला एकच आवाज असतो हो, आतल्या इवल्याशा भोंग्याचा. मी नीट जागेवर नसले की तोच माझ्या वतीने बोंब मारतो. पीऽप, पीऽप, पीऽप!

"काय कटकट आहे!" म्हणत बाबांनी भोंग्याची वायरच उपटली. झालं! तोंडात बोळा.

मग शेजारचे काका आले, सगळ्यातलं सगळं कळणारे.

"व्हायरस आहे. डिस्क काढून द्या, पुसून आणतो."

"काका, माझी चित्रं!" ताई ओरडली.

"चित्रं काय, परत काढशील."

अहो, डिस्कचा काय दोष? मी आत नुसती चरफडत होते! काकांनी स्क्रू फिरवायला घेतले. तेवढ्यात ताईने दुरुस्तीवाल्या मावशींना फोन लावला.

"पडदा काळा? मग भोंगा किती वेळा वाजतोय?" मावशी.

"आता वाजत नाही. बाबांनी वायर काढली."

"वा रे बाबा! रडतंय म्हणून पोराचं तोंड दाबलं होय? लाव आधी ती."

ताईने काकांच्या हातातून डबा ओढलाच. वायर लावली, बटण दाबलं. पीऽप, पीऽप, पीऽप!

"तीन लांब? मेमरी. प्लग काढ, पट्टी काढ, दात खोडरबराने हलकेच पूस, दोन्हीकडून टक् होईपर्यंत दाब."

टक्. टक्. एकच छोटा पीप, आणि पडदा उजळला! पावणेबाराला चित्रं गेली. ताईने मला डब्यावरूनच थोपटलं.

आणि बाबा? "आता झालं ना नीट? मग तो भोंगा काढून टाकू, कानाला त्रास," म्हणत परत वायरकडे हात! ताई मध्ये आडवी उभी, बाबा हटायला तयार नाहीत.

मित्रांनो, दुखल्याशिवाय कुणी ओरडत नाही. सांगा, ताईच्या जागी तुम्ही काय केलं असतं?