बंद होता होता राहिलेली पाखाडी

मी रत्नागिरीतली एक जुनी पाखाडी आहे, मित्रांनो, आणि सध्या मी फार वैतागलेली आहे. वरच्या बाजारपेठेतून खाली बंदराकडच्या वस्तीत उतरणारी जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, ती मी. मला कुणा एकाने बांधले नाही. वस्तीतल्या माणसांनी खाणीवरून चिरे आणले आणि श्रमदानाने बसवले. तेव्हा माझ्यावरून वरातीत नवरानवरी जोडीने चालत जात. मयताची तिरडीसुद्धा तिरकी न करता निघे. "पाखाडी आहे म्हणून बरं," असे लोक म्हणत आणि मला बरे वाटे.

मग घरे वाढू लागली. कुणी ओटा पुढे घेतला, कुणी पत्र्याची पडवी काढली. मधल्या वळणावरच्या अभयने नवे न्हाणीघर बांधले, तेही माझ्या अंगावर. वरच्या तोंडाशी दुकानदार भिकाजीशेठने सोड्याच्या बाटल्यांची खोकी रचली. जो तो म्हणे, "एवढ्याशाने काय होतंय!" एवढेसे, एवढेसे करत मी बोळ झाले. डोक्यावर माशांची पाटी घेऊन चढणारी गुणवंती अभयच्या भिंतीपाशी अंग चोरून पुढे सरके आणि रोज एक शिवी हासडी. तिचा राग अगदी रास्त होता.

गेल्या वर्षी वरच्या अंगाला, माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा एका बिल्डरने घेतल्या. त्याला तिथे एकच मोठे व्यापारी संकुल उभारायचे होते आणि मधे मी आडवी येत होते. मला बंद करावे असा अर्ज झाला. हरकती मागवल्या गेल्या आणि एक दिवस नगरपालिकेचे साहेब पाहणीला आले.

सगळी वस्ती जमली. अभयची बायको दर्शना शाळेत शिक्षिका. ती पुढे होऊन म्हणाली, "साहेब, ही सार्वजनिक वाट आहे. ती बंद करता येणार नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. "बाई, ही वाट आहे? उद्या कुणा आजाऱ्याला झोळीतून न्यायचं झालं तर झोळी इथून जाईल का? मोठ्या रस्त्याने वळसा घाला की."

"वळसा?" गुणवंतीने पाटी खाली आदळली. "त्या रस्त्याला ट्रक चालतत, कडेला पाय ठेवायला जागा नाय. माझ्या जावेला तिथंच गाडीनं उडवलान. आजून लंगडत्येय. आनि सायेब, ही पाखाडी काय अशी नव्हती. ह्यांनी खाल्लानी!"

"ही भिंत कुणाची?" साहेबांनी विचारले.

दर्शना एक पायरी मागे सरली. भिंत तिच्याच घराची होती. इतर सगळे आपापल्या पायाकडे बघू लागले. इतकी वर्षे मी हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून वाट बघत होते, आणि विचारला तो मला बंद करायला आलेल्या माणसाने!

"तुम्हालाच ती नको असेल, तर मी कुणासाठी राखू?" असे म्हणून साहेब निघून गेले.

संध्याकाळी दर्शनाचा आवाज माझ्या पायऱ्यांपर्यंत आला. "अहो, ते न्हाणीघर पाडायचं."

"वेड लागलंय का तुला? सगळ्यांनी जागा घेतली, आपण एकट्यानेच का पाडायचं?"

"कारण हरकत घ्यायला मी पुढे गेले होते. उद्या कुठल्या तोंडाने जाऊ?"

अभय दोन दिवस धुसफुसत होता, पण गुणवंतीला त्या भिंतीपाशी अंग चोरताना बघतही होता. तिसऱ्या दिवशी मात्र तोच पहार घेऊन बाहेर आला. भिंत पडली. ते बघून शेजारच्यांनी पडवी काढली. भिकाजीशेठने खोकी उचलली, पण प्रत्येक खोक्यागणिक कुरकुरत. "आता ह्यो माल काय डोक्यावर ठेवू?"

साहेब पुन्हा आले तेव्हा वस्तीतली चार माणसे झोळीत एका धट्ट्याकट्ट्या बाप्याला घालून माझ्यावरून सरळ वर चढली. साहेब हसले नाहीत, पण अर्ज नामंजूर झाला. संकुल आता माझ्या एकाच बाजूला उभे राहते आहे.

मित्रांनो, इथे गोष्ट सुखाने संपायला हवी होती. पण माणसांना काय म्हणावे! महिनाही झाला नाही, तोच न्हाणीघराच्या त्या मोकळ्या जागेत कुणीतरी एक मोटारसायकल आणून लावली आहे. वर प्लॅस्टिकचा कागदही घातला आहे. म्हणे, "पावसापुरतीच आहे."

वाट सगळ्यांची असते, म्हणून ती कुणाचीच नाही असे समजू नका. तिला बंद करायला बिल्डरच लागतो असे नाही. आणि ती गाडी तुमच्यापैकी कुणाची असेल, तर मला दया वगैरे नको. उठा आणि आधी ती हलवा. खालून गुणवंती पाटी घेऊन चढते आहे.