डाव्या खुर्चीतली मिठाची पोती

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे आणि माझ्या बुडाला एक भोक आहे. दचकू नका. ते भोक मला घडवणाऱ्यांनी मुद्दामच ठेवले आहे. दिवसभरात आत आलेले पाणी, मला काठावर ओढून घेतले की तिथून वाहून जाते. पुन्हा पाण्यात उतरण्याआधी मात्र त्या भोकाला बूच लावावे लागते. अंगठ्याएवढे पितळी बूच असते ते. एवढ्याशा वस्तूवरून दोन सख्खे भाऊ एकमेकांना पारखे झाले, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसले असते. पण मी ते स्वतः पाहिले आहे.

माझा जन्म अमेरिकेत, मिसूरी राज्यातल्या एका कारखान्यात झाला. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे कापून, वाकवून, सांधून मला उभे केले आणि हिरवा रंग दिला. बास नावाचा मासा धरण्यासाठी आम्हाला बनवतात. पुढे उभे राहून गळ टाकायला फळी, मध्ये मासे जिवंत ठेवायची टाकी आणि शेजारी शेजारी दोन खुर्च्या. उजवी खुर्ची चालवणाऱ्याची, डावी सोबत्याची. फायबरच्या चकचकीत होड्या आम्हाला ‘पत्र्याचे डबे’ म्हणतात. म्हणू देत बापड्या! त्यांची किंमत ऐकून माणसे खिसा घट्ट धरतात, आम्हाला मात्र घरी घेऊन जातात. आमच्या हलक्या अंगाची एक गोष्ट मात्र खरी आहे. कोण कुठे बसले आहे आणि कोण बसलेले नाही, हे आम्हाला लगेच कळते.

केंटकीतल्या दोन भावांनी मला भागीत घेतले. थोरला थर्मन, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, काटकुळा आणि तोंडाने फटकळ. धाकटा डेल्बर्ट, गॅरेजवाला, दारातून आत येताना दारालाच अवघडल्यासारखे व्हावे एवढा आडवा. एका मोठ्या तळ्याच्या एकाच कोपऱ्यात, समोरासमोरच्या काठांवर त्यांची घरे होती. थर्मनची बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती, त्यामुळे त्याचे बोलणे, जेवणे आणि भांडणे, सगळे डेल्बर्टबरोबरच होई.

पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मासे कमी धरले आणि मलाच जास्त छळले. वेग घेतला की माझे नाक बेडकासारखे उड्या मारी, आणि डेल्बर्टच्या वजनाने मी डावीकडे कलत असे. त्यांनी इंजिन थोडे वर चढवले, मग पुन्हा खाली आणले. इंजिनाचा पाण्यात फिरणारा तीन पात्यांचा पंखा काढून चार पात्यांचा लावला. शेवटी डेल्बर्टने माझ्या मागच्या कप्प्यात डोके खुपसले आणि तिथूनच म्हणाला, “तू हा असा काडीपैलवान, मी हा असा. तराजूचं काय होणार? बॅटऱ्या तुझ्या बाजूला घेतो.”

त्याने बॅटऱ्या उजवीकडे सरकवून बोल्टने घट्ट आवळल्या. त्या संध्याकाळी निवांत पाण्यावर थर्मनने मला पूर्ण वेगात सोडले आणि मी अशी सरळ धावले की माझे मलाच नवल वाटले. डेल्बर्ट वेगाच्या काट्यावर वाकला आणि ओरडला, “बेचाळीस!” ताशी बेचाळीस मैल, दोघांना घेऊन! त्या दिवसापासून निवांत पाणी दिसले की डेल्बर्टने ‘बेचाळीस!’ म्हणून ओरडायचे, हा नेमच होऊन गेला.

दुसरा नेम बुचाचा. काठावर मला पाण्यात ढकलण्यापूर्वी डेल्बर्ट होडी ओढणाऱ्या पिकअप गाडीतून मान बाहेर काढून विचारी, “बूच?” आणि थर्मन खाली वाकून, बोटाने चाचपून उत्तर देई, “लावलं!” बूच हे थर्मनचे काम आणि विचारणे हे डेल्बर्टचे. त्यात कधी बदल झाला नाही.

आणि मग ती एप्रिलची सकाळ उजाडली. मासेमारी क्लबची स्पर्धा होती. काठावर होड्यांची रांग लागली होती. थर्मन चार जणांना गोळा करून माझ्या बेचाळीसची फुशारकी मारत होता. डेल्बर्टने पिकअपमधून विचारले, “बूच?” थर्मनने वळूनही न पाहता सांगितले, “लावलं!”

बूच त्याच्या खिशात होते, मित्रांनो.

धक्क्याला बांधलेली मी मागून जड होऊ लागले. थंडगार पाणी माझ्या पोटात चढत होते आणि वर माझेच गुणगान चालले होते. कोणाचे तरी लक्ष गेले तेव्हा इंजिनही निम्मे पाण्यात होते. साखळी बांधून मला फरफटत बाहेर काढावे लागले. स्पर्धा हुकली. सगळा क्लब पोट धरून हसत होता आणि थर्मनचे कान लाल झाले होते. तो भावावर उसळला. “होडी तू उतरवलीस ना? डोळे फुटले होते का तुझे? एवढं साधं बूच बघता येत नाही? नुसता खाऊन फुगलायस!”

डेल्बर्टने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. ‘तूच लावलं म्हणालास’ एवढे म्हटले असते तरी पुरे होते. पण त्याने आपले गळ काखोटीला मारले आणि चालत घरी गेला. मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण मला भोक दिले आहे, तोंड दिलेले नाही.

त्यानंतर माझी डावी खुर्ची तीन वर्षे रिकामी राहिली.

थर्मन एकटाच येऊ लागला. बूच मात्र आता दोनदोनदा चाचपून बघे. सवयीने सॉसेजचे दोन डबे आणी आणि एक तसाच परत नेई. आता उजवीकडे तो आणि उजवीकडेच बॅटऱ्या, डावीकडे कोणी नाही. मी उजवीकडे कलू लागले. वेग दिला की माझे नाक आपटे, सुकाणू हातातून ओढले जाई आणि थर्मन मला शिव्या घाली. वजन कमी झाले म्हणजे मी जास्त पळायला हवे, असा त्याचा हिशेब. पण मी अडतिसाच्या पुढे जाईना. त्याने इंजिन वर केले, खाली केले. पंखे बदलले. काठावर जो तो सल्ले देई. एक म्हणे पंखा मोठा घाल, दुसरा म्हणे छोटा घाल, तिसरा म्हणे पत्र्याची होडी ती, चालायचंच.

काठावर गळाची आमिषे विकणारी ओपल नावाची बाई आहे. मासे आणि माणसे दोन्ही ओळखण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. ती एकदा म्हणाली, “थर्मन, अरे बॅटऱ्या डावीकडे घे. अर्ध्या तासाचं काम. उगाच पंखेवाल्यांची घरं कशाला भरतोस?”

“त्या डेल्बर्टने बसवल्यात.”

“मग?”

“मग त्या तिथेच राहणार.”

“बॅटऱ्या जागच्या हलत नाहीत आणि तुझी जीभही हलत नाही,” ओपल म्हणाली. “समोर तर राहतोय तो. जा आणि बोल.”

“त्याने यावं,” थर्मन म्हणाला आणि मला घेऊन निघाला.

मला कळले होते. बॅटऱ्या हलवायच्या म्हणजे डेल्बर्ट पुन्हा येणार नाही, हे मान्य करायचे. आणि डेल्बर्टला बोलवायचे म्हणजे बूच कोणाचे काम होते ते बोलायचे. या दोन्हींपेक्षा थर्मनला पंखे स्वस्त वाटत होते. समोरच्या धक्क्यावर डेल्बर्टची खुर्ची दिसे. थर्मन तिकडे पाठ करून गळ टाकी. हिवाळ्यात तो मला शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवी. गांधीलमाश्या माझ्या डाव्या खुर्चीखाली पोळे करीत. तेवढीच त्या खुर्चीला सोबत. एकटेपणा म्हणजे काय ते मला त्या अंधारात कळले. तो रिकामा नसतो, त्याला वजन असते, आणि ते नेहमी एकाच बाजूला असते.

तीन वर्षे उलटल्यावर एका उन्हाळ्यात थर्मनने सहा पोती आणली. घरातले जड पाणी मऊ करायला वापरतात त्या मिठाची, जाड प्लॅस्टिकमधली. मीठ म्हणजे आम्हा अ‍ॅल्युमिनियमवाल्यांचे हाडवैरी. ते अंगाला लागले की आम्हाला कुरतडत जाते. पण शेडमध्ये तेवढीच जड वस्तू होती. त्याने ती पोती डाव्या खुर्चीत रचली आणि पट्ट्याने बांधली.

पाणी निवांत होते. त्याने मला सोडले. मी सरळ झाले. नाक बसले, सुकाणू हलके झाले आणि काटा चढत गेला. थर्मनचा चेहरा एकदम उजळला. तो डावीकडे मान वळवून ओरडला, “बेचाळीस, डेल्बर्ट!”

पोती बसून होती.

त्याने इंजिन बंद केले. पाण्यावर किती वेळ आम्ही नुसते तरंगत होतो, मला सांगता येणार नाही. मग त्याने बाहीने नाक पुसले आणि माझे नाक समोरच्या काठाकडे वळवले.

डेल्बर्ट धक्क्यावर खुर्चीत बसला होता. उन्हाळा असून त्याच्या अंगावर स्वेटर होता.

“माझ्या जागी कोण बसलंय?” त्याने विचारले.

“मीठ,” थर्मन म्हणाला.

“मीठ? पत्र्याच्या होडीत? अक्कल गहाण टाकलीस काय?”

“प्लॅस्टिकमध्ये आहे.”

“किती पोती?”

“सहा.”

“सहा! मी काय रेडा आहे?”

“रेडाच होतास. आता...” थर्मनने त्याच्याकडे नीट पाहिले आणि वाक्य तिथेच राहिले. स्वेटर डेल्बर्टचाच होता, पण आत दोन माणसे मावली असती.

“पोटातलं काहीतरी कापून काढलं डॉक्टरांनी,” डेल्बर्ट म्हणाला. “अर्धा डेल्बर्टही काढला त्याबरोबर.”

“मला कळवलं नाहीस?”

“आपण बोलत नव्हतो ना.”

थर्मनने माझी दोरी धक्क्याच्या खांबाला गुंडाळली. मग म्हणाला, “बूच माझं काम होतं. माझ्याच खिशात होतं ते.”

“ठाऊक आहे. सगळ्या तळ्याला ठाऊक आहे.”

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“तू बोलशील म्हणून थांबलो होतो.”

“तीन वर्षं?”

“तू हट्टी. मी तुझाच भाऊ,” डेल्बर्ट म्हणाला. “आता हात देतोस, की मिठालाच फिरवणारेस?”

सहाही पोती धक्क्यावर गेली आणि डेल्बर्ट माझ्या डाव्या खुर्चीत बसला. मित्रांनो, त्या क्षणी मला झालेला आनंद मी सांगू शकत नाही. पण मी उजवीकडे कललेली होते. थोडीशीच, पण थर्मनच्या हाताला सुकाणूतून ते कळले. त्याने काहीच झाले नाही असे दाखवले. डेल्बर्टच म्हणाला, “दोन पोती परत घे.”

ती दोन पोती त्याच्या पायांशी ठेवली तेव्हा मी सरळ धावले.

तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट होता. काठावर डेल्बर्ट मुद्दाम सगळ्या क्लबला ऐकू जाईल अशा आवाजात विचारी, “बूच?” आणि थर्मन मुकाट्याने वाकून, चाचपून उत्तर देई, “लावलं!” दोघे डब्यातले सॉसेज खारी बिस्किटांवर ठेवून खात. डेल्बर्ट आता थोडेच खाई. मासा तोलून परत पाण्यात सोडताना तो त्याला म्हणे, “जा बाबा, खाऊन पिऊन जाड हो, माझ्या वाटचं पण.” ऑगस्टमध्ये त्याच्या पायांशी तीन पोती झाली. झाडांची पाने लाल झाली तेव्हा चार.

“थर्मन, मीठ जिंकतंय बघ,” एकदा तो हसून म्हणाला.

“गप बस.”

“सहा झाली ना, की बॅटऱ्या डावीकडे घे. ओपल बरोबर सांगते.”

“गप बस म्हटलं ना!”

त्या दिवशीही तो काट्यावर वाकला. आवाज फारसा निघाला नाही, पण म्हणाला तो. “बेचाळीस.”

पुढच्या वसंतात शेडचे दार उघडले तेव्हा थर्मन एकटा होता. त्याने सहाही पोती उचलून डाव्या खुर्चीत रचली. प्रत्येक पोते ठेवल्यावर तो थोडा वेळ थांबत होता.

त्यातले एक पोते जूनमध्ये फाटले. माझ्या तळाच्या पत्र्यावर पांढरे चट्टे उठले. ओपलने ते पाहिले आणि या वेळी तिने टोमणा मारला नाही. हळूच म्हणाली, “ही होडी खाऊन टाकेल रे ते मीठ. डेल्बर्टनेही सांगितलं होतं ना तुला?” थर्मन घरी गेला आणि पाना घेऊन आला. मागच्या कप्प्यात वाकून त्याने बॅटरीचा पहिला बोल्ट सैल केला. हा बोल्ट डेल्बर्टने आवळला होता, जोर लावून, दात खात. थर्मन त्याच्यावर बोट ठेवून बसला. मग त्याने तो पुन्हा आवळला. पोती काढली, मला आतून गोड्या पाण्याने धुतले, चट्टे घासून काढले आणि बाजारातून सहा पोती वाळू आणली.

त्यामुळे मी अजून टिकून आहे आणि सरळ धावते. थर्मन काट्याकडे बघत नाही. मी किती मैलांनी जाते ते आता कोणी मोठ्याने सांगत नाही.

मध्यंतरी एका सकाळी तो मला पाण्यात ढकलत असताना ओपलने दुकानाच्या दारातून, चांगल्या मनाने हाक मारली, “थर्मन, बूच?” त्याने तिच्याकडे पाहिले आणि उत्तर दिले नाही. ओपल समजली आणि आत निघून गेली. मग तो गुडघ्यांवर वाकला, बूच चाचपले आणि डाव्या खुर्चीकडे तोंड करून हलकेच म्हणाला, “लावलं.”

मित्रांनो, तुमच्या घरी होडी असेल तर तिला धुवा, पुसा, मिठापासून जपा आणि पाण्यात नेण्याआधी बूच बघा. ते लावायला एक क्षण पुरतो. ‘चूक माझी होती’ हे म्हणायलाही तेवढाच वेळ लागतो. शेजारच्या खुर्चीत माणूस आहे तोवर ते म्हणून टाका. उशीर झालाच, तर त्या जागी वाळूची पोती ठेवून होडी सरळ चालवता येते. पण वाळू ‘बूच?’ म्हणून विचारत नाही.